हप्त्याचा नव्हे, जहाजावरचा ईएमआय

ईएमआय म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आधी फोनचा नाहीतर बुलेटचा हप्ता येतो, हे मला माहीत आहे. माझ्या कामातला ईएमआय वेगळा. इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंटरफिअरन्स. पुस्तकी मराठीत विद्युतचुंबकीय व्यत्यय. आमच्या कागल पंचतारांकितमध्ये एवढं लांब कोणी बोलत नाही, "नॉइज मारतंय" म्हणतात. एका यंत्राची वीज दुसऱ्या यंत्राच्या कानात जाऊन ओरडते, बस्स, इतकंच.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. आधी काही वर्षं मुंबईत, बांधकाम चालू असलेल्या युद्धनौकांवर केबलिंग आणि ईएमआयचं काम केलं. आता कागलला एका छोट्या युनिटमध्ये आहे, तिथे जहाजांवर जाणाऱ्या कंट्रोल पॅनेलच्या पेट्या बनतात. गुपितं सांगायला आलेलो नाही. सांगतोय ते सगळं पुस्तकात मिळतं, फक्त पुस्तकात त्याला घामाचा वास नसतो.

आधी इथलंच उदाहरण घेऊ, म्हणजे जहाज समजायला सोपं जाईल. आपल्याकडे फाउंड्र्या किती आहेत ते सांगायला नको. पाच टनांचा वजनकाटा घ्या. त्याच्या लोडसेलमधून पूर्ण वजनाला साधारण 20 मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे एका किलोला 4 मायक्रोव्होल्ट. शेजारी इंडक्शन फर्नेस सुरू झाली किंवा क्रेनचा व्हीएफडी ड्राइव्ह चालू झाला की काट्यावरचा आकडा नाचायला लागतो. काटा बिघडलेला नसतो, फर्नेसही बिघडलेली नसते. दोघांना एकाच शेडमध्ये राहायचंय, एवढीच अडचण.

आता ही शेड समुद्रात ढकला. माझगाव डॉकने बांधलेली आयएनएस विशाखापट्टणम 2021 मध्ये नौदलात आली. लांबी 163 मीटर. एवढ्या जागेत रडार, सोनार, रेडिओ, उपग्रहाचा अँटेना, क्षेपणास्त्रं, जनरेटर, पंप आणि तीनशेच्या आसपास माणसं. कुठल्याही युद्धनौकेवर एक किलोवॉटचा रेडिओ ट्रान्समीटर बोलतो तेव्हा त्याच्या 50 ओहमच्या केबलवर सव्वादोनशे व्होल्टच्या घरात दाब असतो. आणि जवळच एखादा रिसीव्हर एका मायक्रोव्होल्टची कुजबुज ऐकायला बसलेला असतो. बावीस कोटी पटीचा फरक! शेजारी डॉल्बी लावून तुम्ही मुंगीची पावलं मोजताय, असं समजा.

हे नीट जमलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. 4 मे 1982, फॉकलंडचं युद्ध. ब्रिटिश विनाशिका एचएमएस शेफील्ड. तिच्यावर शत्रूचं रडार ऐकणारं यंत्र होतं आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारंही. दोन्ही चांगली. पण दुसरं बोलायला लागलं की पहिल्याला ऐकू येत नसे. अर्जेंटिनाच्या विमानाने एक्सोसेट क्षेपणास्त्र सोडलं तेव्हा उपग्रहावर बोलणं चालू होतं. 20 जण गेले, आणि 10 मे रोजी जहाज बुडालं. सगळा दोष ईएमआयवर ढकलू नका. हवाई बचावाचा अधिकारी त्या वेळी ऑपरेशन्स रूममध्ये नव्हता, हेही चौकशीत निघालं. पण ऐकणारा कान नेमका त्या वेळी बंद होता, हे खरं.

जहाजावरचा माझा आवडता खलनायक मात्र यंत्र नाही. गंजलेला बोल्ट. हसू नका. स्टीलच्या दोन तुकड्यांमध्ये मिठाचा गंज बसला की तो जोड डायोडसारखा वागतो, वीज एका बाजूला सहज जाऊ देतो, उलट जायला अडवतो. त्यावर 6 आणि 4 मेगाहर्ट्झचे दोन ट्रान्समीटर पडले की त्यातून 2, 8, 10 मेगाहर्ट्झ असे नवेच आवाज बाहेर पडतात. कोणीही पाठवलेले नाहीत, तरी रिसीव्हरवर हजर. त्यात रेलिंग, शिड्या, दोरखंडाच्या तारा पाच-दहा मीटर लांबीच्या असतात, आणि जहाजी रेडिओची तरंगलांबी 10 ते 100 मीटर. म्हणजे रेलिंगसुद्धा अँटेना होतं. चालू ट्रान्समीटरजवळ अशा तारेला हात लावला तर भाजतं. तिथे आमची हत्यारं म्हणजे वायरब्रश आणि तांब्याची वेणीची पट्टी. लॅपटॉप नंतर.

आता कागलकडे येतो, कारण खरी भांडणं इथेच होतात.

बारा पेट्यांची ऑर्डर होती. पहिली पेटी तपासणीला रात्रभर प्रवास करून नवी मुंबईला नेली. तपासणीची खोली एकदा बघण्यासारखी असते, भिंतीभर काळे-निळे फोमचे सुळके, आवाज केला तर आपलाच आवाज परका वाटतो. चाचणी एमआयएल-एसटीडी-461 या मानकाप्रमाणे. पेटीतून बाहेर पडणारी ऊर्जा ठरलेल्या रेषेखाली राहिली पाहिजे. आमची पेटी 250 मेगाहर्ट्झच्या आसपास रेषा ओलांडून वर. लष्करी विमानं आणि जहाजं एकमेकांशी बोलतात तो पट्टा 225 ते 400 मेगाहर्ट्झचा. म्हणजे नेमकं नको तिथे.

कारण काय? पेटीच्या दाराची एक बाजू साठ सेंटीमीटर. दार आणि चौकट यांच्यामध्ये पावडर कोटिंगचा थर. डोळ्याला दार घट्ट बंद दिसतं, विजेला मात्र तिथे साठ सेंटीमीटर लांब फट दिसते. फट कागदाएवढी बारीक असली तरी फरक पडत नाही, लांबी बघायची. साठ सेंटीमीटर म्हणजे 250 मेगाहर्ट्झच्या तरंगाची बरोबर अर्धी लांबी. फट कसली, अँटेनाच तो.

मालक म्हणाले, "फिल्टर लावा की एखादा." कारखान्यात चाललं असतं. जहाजावर वीजपुरवठा सांगाड्याला जोडलेला नसतो, कारण एक तार तुटून लोखंडाला टेकली तरी लढाईत पंप बंद पडायला नको. फिल्टरमधले कपॅसिटर नेमके तीच तार सांगाड्याशी जोडतात. म्हणून नौदलासाठी मर्यादा आहे, 60 हर्ट्झच्या यंत्राला प्रत्येक तारेमागे 0.1 मायक्रोफॅरड, त्याहून जास्त नाही. शिवाय फिल्टर तारेतला आवाज अडवतो, दाराच्या फटीतला नाही.

राहिला रंग. आमच्या पेंट शॉपमधले मामा वीस वर्षं रंगकाम करतायत. त्यांना सांगितलं की चौकटीवरचा रंग काढायचा. मामा पेटीवर हात ठेवून म्हणाले, "सायेब, बघा की, आरशागत झालीया. आन् ह्याच्यावर पॉलिशपेपर मारायचा व्हय?" मला खरंच वाईट वाटलं. कारण त्यांचं कामही बरोबरच होतं, उघडं लोखंड समुद्रावर सहा महिन्यांत खाऊन जातं. मग तोड निघाली ती त्यांच्याच डोक्यातून: आधी सगळ्या पेटीला झिंक प्लेटिंग, चौकटीवर मास्किंग टेप, मग पावडर. टेप काढली की झिंक उघडं. त्यावर वीज वाहणारं गॅस्केट, आणि त्याच्या बाहेरून मीठ अडवायला रबराचं सील. जोडाचा रोध अडीच मिलिओहमच्या आत हवा होता. साध्या मल्टिमीटरवर तो दिसतच नाही, त्याच्या तारांचाच रोध त्याच्या शंभरपट भरतो. चार तारांचा मिलिओहम मीटर लागतो.

पहिली पेटी पास झाली. मग खरा पेच आला. उरलेल्या अकरा पेट्या आधीच रंगवून तयार होत्या, आणि प्रमाणपत्र एकाच पेटीचं लागतं. मालकांचं म्हणणं सरळ होतं: पैसे आल्याशिवाय पोरांचे पगार निघत नाहीत, दिवाळी पंधरा दिवसांवर आलीये, जहाजावर पेटी उघडून कोण बघणार? ते वाईट माणूस नाहीत. पण तपासणी अहवालावर सही माझी होती आणि ती मी केली नाही. तीन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो. चौथ्या दिवशी अकरा पेट्या रंग उतरवायला गेल्या. पगार दोन हप्त्यांत झाले. माझ्याकडे बघून चहा पिणं काही जणांनी बरेच दिवस बंद केलं होतं, आणि त्यांना दोष द्यायला मी जाणार नाही.

एक गोष्ट वायरमन पोरांसाठी. शील्डेड केबलची जाळी पिळून तिची शेपटी करता आणि स्क्रूला लावता ना, ते बंद करा. पाच सेंटीमीटरची शेपटी घरच्या 50 हर्ट्झला काहीच अडवत नाही. 100 मेगाहर्ट्झला तीच जवळपास 30 ओहमचा अडथळा होते. जाळी ग्लँडमध्ये चारी बाजूंनी गोल दाबून बसवा. वेळ तेवढाच लागतो.

"दादा, यात शिरायचं कसं?" असं खूप जणांनी विचारलंय. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स, डिप्लोमाही चालतो. नौदलात जायचं असेल तर तिथलं विजेचं शिक्षण जामनगरला आयएनएस वलसुरावर होतं. बाहेर राहून करायचं असेल तर सॅमीरसारख्या सरकारी संस्था आहेत, खासगी प्रयोगशाळा आहेत. गणितात डेसिबल आणि लॉगॅरिदम पक्कं करा, बाकी हाताने शिकता येतं.

पुढच्या भागात डिगॉसिंग, म्हणजे चुंबकी सुरुंगांपासून जहाज लपवायची युक्ती. तोवर घरातला जुना मीडियम वेव्ह रेडिओ शोधा, दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि फोनच्या चार्जरजवळ न्या. मग एलईडी बल्बजवळ. कुठला चार्जर जास्त ओरडतो ते रेकॉर्ड करून पाठवा.