छतावरील सौरसंच आणि अग्निभय

२०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेमुळे गच्चोगच्ची सौर पॅनेल दिसू लागली असली, तरी त्यांतून वाहणारा प्रवाह एकदिश असतो, आणि घरातला प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदास १०० वेळा शून्यावर येऊन ठिणगीस विझण्याची जी संधी देतो ती येथे मिळत नाही, हे ग्राहकास आवर्जून सांगितले गेलेच पाहिजे. निरनिराळ्या बनावटीचे कनेक्टर एकमेकांत बसवले, किंवा उंदराने वायरीचे आवरण कुरतडले, की त्या फटीत प्रखर ज्योत धरते आणि भोवतालचे प्लास्टिक काळवंडून वितळू लागते. मेन स्विच बंद केला, तरी बहुतेक संचांत ऊन असेतो पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत विजेचा दाब कायम राहतो. यास्तव आग लागल्यास त्यांना स्पर्श न करता, अग्निशमन दलास वर्दी देतानाच छतावर सौरसंच असल्याचे अवश्य कळवावे.