यशवंतपूर ते सातारा : उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



बंगळूर-पुणे अंतर किती, या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात. हवाई मार्गाने सुमारे ७२५ किलोमीटर, वेळ दीड तास. रस्त्याने सुमारे ८४० किलोमीटर, वेळ चौदा-पंधरा तास. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. मात्र आमच्यासारख्या सातारकराच्या ती फारशी उपयोगाची नाहीत.

सातारा पुण्याच्या अलीकडे ११० किलोमीटरवर आहे. विमान आम्हांला गाव ओलांडून पुढे नेते आणि मग रस्त्याने मागे यावे लागते! हिशेब पाहा. विमानतळ २००८ साली देवनहळ्ळीस गेला. यशवंतपुराहून तेथे पोहोचावयास दीड तास. दोन तास आधी हजर राहावयाचे. उड्डाण दीड तास, सामान हाती येईतो अर्धा तास, लोहगावहून सातारा तीन तास. साडेआठ तास झाले. उलट तुमकूर रस्ता आमच्या घराजवळूनच जातो. तोच चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर करीत साताऱ्यास पोहोचतो; ७३० किलोमीटर, बारा-तेरा तास. विमानाने खरी बचत होते ती चार तासांची.

१९९१ साली केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त आम्ही येथे आलो, तेव्हा हा विचारच नव्हता. मिरजेपर्यंत मीटरगेज, तेथे ट्रंक उतरवून ब्रॉडगेजची गाडी धरावयाची. एक दिवस आणि एक रात्र जाई. पण गावाकडून तार येई तीही उशिराच, त्यामुळे उशिराचा दोष स्वतःकडे घ्यावा लागत नसे. २०१३ साली तार बंद झाली. आता बातमी क्षणात येते आणि माणूस मात्र बारा तासांवर असतो.

२०१७ च्या जूनमध्ये रात्री नऊ वाजता साताऱ्याहून दूरध्वनी आला. आईला रुग्णालयात हलविले होते. रात्रीचे विमान गाठणे शक्य नव्हते, सकाळच्या पहिल्या विमानात जागा नव्हती. आम्ही तिकिटांची चौकशी करीत असतानाच मंडळाचे एक सभासद मोटारीची किल्ली घेऊन दारात उभे राहिले. “चला,” एवढेच म्हणाले. साडेदहाला निघालो. आळीपाळीने गाडी चालविली. हुबळीला उजाडले, निपाणीपुढे पाऊस लागला. साडेअकराला रुग्णालयाच्या फाटकाशी पोहोचलो, तो दिल्लीचा धाकटा भाऊ टॅक्सीचे पैसे देत होता. पहाटेच्या विमानाने तो पुण्यास उतरला होता. नकाशावर दिल्ली साताऱ्यापासून बंगळुराच्या जवळजवळ दुप्पट दूर. त्या दिवशी दोन्ही शहरे सारख्याच अंतरावर होती.

आईने दोघांनाही ओळखले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

ते सभासद आज सभागृहात आहेत; त्यांना नावाचा उल्लेख आवडणार नाही. परतल्यावर त्यांनीच सुचविल्यावरून मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे. रात्री-अपरात्री लांबवर गाडी नेऊ शकतील अशांची नावे व दूरध्वनी क्रमांक तीत आहेत. पहिले नाव आमचे होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रात्रीच्या प्रवासास मनाई केल्यामुळे गेल्या वर्षी ते आम्ही स्वतःच खोडले. ती जागा रिकामी आहे. वही आज प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे, शेजारी पेनही आहे.