नोंदी आपल्या, आपल्याच राहाव्यात



शाळेच्या ग्रंथालयासाठी नवं सॉफ्टवेअर कसं निवडावं, या विषयावर बोलायला संयोजकांनी मला सांगितलं आहे. तुमच्यापैकी अनेक शालेय ग्रंथपालांना थेट एक नाव हवं आहे. नावांकडे मी येणारच आहे. त्याआधी एक प्रश्न विचारते: आज घेतलेलं सॉफ्टवेअर पाच वर्षांनी सोडायची वेळ आली, तर आपल्या हातात काय उरेल? ज्याचं उत्तर समाधानकारक असेल तेच घ्यावं, असं माझं मत आहे. आजच्या भाषणात मी तेवढंच मांडणार आहे.

नाशिकला ग्रंथालयांचा वारसा जुना आहे. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. याच जिल्ह्यातल्या कौळाण्यात १८६३ साली जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं आणि पुस्तकांच्या पेट्या संस्थानातल्या गावोगाव फिरू लागल्या. कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम २००९मध्ये सुरू झाला, तोही पेट्यांचाच. कोणती पेटी कुठे आहे आणि तिच्यात काय आहे हे लिहून ठेवल्याशिवाय असं काम चालत नाही. ग्रंथालय नोंदीवर उभं असतं. आपल्या दाखल नोंदवहीतली चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची ओळ आजही वाचता येते. ती वाचायला कुणाचा परवाना लागत नाही. संगणकावरच्या नोंदीकडून मी याहून कमी अपेक्षा ठेवणार नाही.

पण घडलं काय? अनेक शाळांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी पुस्तकं संगणकावर चढवली. शिवाजी, कृतीदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत तेव्हा मराठी टंकली जायची. आत साठवली जायची ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची जुळणी; तिला मराठीचं रूप फॉन्ट द्यायचा. फॉन्ट बदलला की हजारो पुस्तकांची नावं निरर्थक चिन्हं होऊन बसायची. ग्रंथपालाने सुट्टीत बसून केलेलं काम असं मातीमोल झालेलं मी पाहिलं आहे. पुरवठादाराने दुकान बंद केलं आणि कुलूपबंद फाइल शाळेच्या गळ्यात राहिली, हेही या सभागृहातल्या अनेकांनी सोसलं आहे.

म्हणून पहिली अट युनिकोडची. मात्र विक्रेता ‘आमचं युनिकोड आहे’ म्हणाला की लगेच मान डोलवू नका. ‘ॲलिस’ या नावातला पहिला ॲ दोन तऱ्हांनी टंकता येतो: अ वर चंद्र देऊन, किंवा २००८मध्ये युनिकोडात आलेलं स्वतंत्र अक्षर वापरून. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात. संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात. ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्यचं तेच. मग पुस्तक कपाटात असतं आणि शोधात मिळत नाही. ते ग्रंथालयात नाहीच, असं समजून मूल निघून जातं. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

आणि मुलं शुद्धलेखनाचं पुस्तक समोर ठेवून शोध घेत नाहीत. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३मध्ये इथे नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. सहावीतलं पोर ‘शामची आई’ असं टंकणार. खांडेकरांच्या ‘ययाति’चा शेवट ऱ्हस्व, आजच्या नियमाने लिहिणारी मुलगी तो दीर्घ करणार. ‘कुसुमाग्रज’ असं शोधलं की ‘विशाखा’ मिळते, पण ‘नटसम्राट’ मिळत नाही, कारण नाटकावर नाव आहे वि. वा. शिरवाडकर! त्यांच्याच गावातल्या शाळेत हे व्हावं का?

यावर उपाय आहेत, आणि ते ग्रंथपालाच्या हातात आहेत. मार्क २१ या नोंदपद्धतीत २४६ क्रमांकाची जागा शीर्षकाच्या इतर रूपांसाठी राखलेली आहे. तिथे ‘शामची आई’ लिहून ठेवलं की काम झालं. लेखकाची सगळी नावं एकमेकांशी जोडणारी वेगळी नामनोंदही करता येते. प्रश्न एवढाच की समोरच्या सॉफ्टवेअरात या जागा आहेत का. शाळांसाठी ‘सोपं’ म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं सॉफ्टवेअर नाव, लेखक, किंमत आणि दाखल क्रमांक एवढ्यावर थांबतं. त्या सोपेपणाची किंमत पुढे मुलं मोजतात.

आता नावं. कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेन्युआ या छोट्या भागातल्या ग्रंथालयांमुळे जन्माला आलं. त्यांची जुनी प्रणाली २००० साल पेलणार नव्हती. १९९९मध्ये त्यांनी नवी लिहवून घेतली, जानेवारी २०००मध्ये ती वापरात आली आणि सगळ्या जगासाठी खुली झाली. माझा कल कोहाकडे आहे, हे लपवत नाही. पण ते फुकट मिळतं म्हणून फुकट चालत नाही. लिनक्स जाणणारं माणूस लागतं, सर्व्हरचा खर्च येतो. बसवणाऱ्याला शोधाची अनुक्रमणी ‘आयसीयू’ पद्धतीने करायला आवर्जून सांगा. मूळची पद्धत रोमन लिपीच्या सोयीची आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय सरकारी ग्रंथालयांसाठी आहे. शासकीय शाळांनी आणि आश्रमशाळांनी आधी त्याची चौकशी करावी. इन्फ्लिबनेटचं सोल विद्यापीठं आणि महाविद्यालयं डोळ्यांसमोर ठेवून बनलं आहे. संस्थेच्या महाविद्यालयात आहे म्हणून ते शाळेच्या माथी मारू नये.

सुरगाणा, पेठ या भागांतले सहकारी मला विचारतात, पावसाळ्यात नेट जातं तेव्हा काय? त्यांचा प्रश्न शहरातल्या शाळांनीही विचारायला हवा. नेट नसताना देवघेव नोंदवता येते का, आणि नेट आल्यावर ती आपोआप जुळते का, हे डेमोतच नेट बंद करून पाहा. डेमोत शोधाची पाटी विक्रेत्याच्या हातात देऊ नका. एखाद्या विद्यार्थ्याला बसवा आणि त्याला हवं ते पुस्तक त्याच्या पद्धतीने शोधू द्या. आणि करारावर सही होण्याआधी पन्नास पुस्तकं स्वतः भरा. त्या नोंदी मार्क किंवा साध्या तक्त्याच्या रूपात, विक्रेत्याच्या मदतीशिवाय, बाहेर काढा. दुसऱ्या संगणकावर उघडून मराठी शाबूत आहे का बघा. निघत नसतील तर तिथेच थांबा, दर कितीही कमी असो. नोंदींची मालकी शाळेची, हे वाक्य करारात लेखी हवं. मुलांची माहितीही तितकीच जपायची आहे. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे. कोणतं मूल काय वाचतं, हे कोणत्याही कंपनीच्या हाती पडायचं कारण नाही.

मुख्याध्यापकांना एक हक्काने सांगते. आपले कितीतरी ग्रंथपाल अर्धवेळ आहेत आणि उरलेल्या वेळेत त्यांच्याकडे ऑनलाइन माहिती भरायचं काम येतं. सॉफ्टवेअर घेतलं आणि नोंदींसाठी वेळ दिला नाही, तर पैसे वाया गेले म्हणून समजा. आधी साठा पडताळणी होऊ द्या, बाद करायची पुस्तकं रीतसर बाद होऊ द्या, मगच नोंदी चढवा. जुने दाखल क्रमांक मात्र बदलू नका. बारकोड त्यांच्यावरच छापा.

हे काम प्रत्येक शाळेने वेगवेगळं का करावं? तीच ‘श्यामची आई’ जिल्ह्यात शेकडो ठिकाणी नव्याने टंकली जाते. उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे: जिल्ह्यातल्या शालेय ग्रंथपालांनी मिळून लेखकांच्या नावांची एक सामायिक नामयादी करावी, मार्कच्या रूपात ठेवावी आणि ती कोणत्याही शाळेला विनामूल्य द्यावी. पहिला हप्ता आपल्या जिल्ह्यातल्या लेखकांचा असावा. कुसुमाग्रज, बाबूराव बागूल, वामनदादा कर्डक, आणि कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर. त्या पहिल्या हप्त्याच्या नोंदी करायची जबाबदारी मी घेते. ज्यांना सोबत यायचं आहे, त्यांनी संध्याकाळच्या सत्रानंतर आपली नावं संयोजकांकडे द्यावीत.