वरची माती कोरडी, खालची ओली



एका वर्षी आमच्या काळ्या रानातली तूर पिवळी पडायला लागली. वर माती कोरडी, बारीक भेगा पडलेली. पाणी कमी पडलं असं समजून मी आणखी एक पाणी दिलं. आठवड्याभरात झाडांनी माना टाकल्या. वडिलांनी फावडं घेऊन फूटभर खणलं, तर खाली चिखल आणि मुळं कुजलेली. ते एवढंच म्हणाले, "आधी खणायचं होतंस."

वाफसा आपण मुठीवर ओळखतो. माती दाबली की लाडू व्हावा आणि बोटानं ढकलला की फुटावा. परीक्षा खरी आहे, पण तिच्यातून पाणी किती द्यायचं ते कळत नाही.

आकड्याची मूळ पद्धत सोपी आहे. ओल्या मातीचं वजन करा, 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवा, परत वजन करा. 120 ग्रॅमची 100 ग्रॅम भरली तर ओलावा 20 टक्के. मातीची घनता 1.2 धरली, तर 30 सेंटिमीटरच्या थरात 72 मिलिमीटर पाणी झालं. पण ते सगळं पिकाचं नव्हे! चिकण माती त्यातलं बरंच स्वतःकडे घट्ट धरून ठेवते. म्हणून टेन्शिओमीटर पाणी मोजतच नाही. ते ओढून घ्यायला मुळाला किती जोर लागेल, ते मोजतो. कोइम्बतूरच्या ऊस पैदास संस्थेनं तर रंगीत दिव्यांचं उपकरण केलंय. निळा लागला तर ओल भरपूर, लाल लागला तर लगेच पाणी द्या. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं.

आता नकाशा. नासाचा स्मॅप उपग्रह 2015 पासून वरच्या 5 सेंटिमीटरची ओल बघतो, पण त्याचा एक ठिपका सुमारे 36 किलोमीटरचा. त्यात तुमचं शेत शोधायचं कुठं? जुलै 2025 मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार पुष्कळ बारीक बघतो, दर 12 दिवसांनी त्याच जागेवर येतो. तरी तोही वरवरचाच थर. माझी तूर वरून कोरडीच दिसत होती ना!

म्हणून आम्ही रानाचा नकाशा वहीत काढला. चढाला, मध्ये आणि उताराला, 15 आणि 30 सेंटिमीटरवर मोजमाप. उताराचा कोपरा चढापेक्षा चार दिवस उशिरा वाफशावर येतो, हे तेव्हा कळलं. आता त्या कोपऱ्याचा ठिबकचा व्हॉल्व्ह वेगळा आहे. वडील मात्र अजून फावडं घेऊनच येतात.