फेरफार आणि संगणकाचें दप्तर

लिहिलेलें पुढें बदलावें लागतें, ही व्यवहाराची रीतच आहे. बदल होणें वाईट नव्हे. पूर्वीं काय होतें हें कोणालाच सांगतां न येणें, हें वाईट.

श्रोत्यांनीं रायगड जिल्ह्यांतील पेण-रोह्याकडील रामवाडी डोळ्यांपुढें आणावी. तेथील एखाद्या मयत शेतकऱ्याचें भातशेत मुलांच्या नांवें व्हावयाचें असलें, तर सातबाऱ्यावरील नांव कोणी नुसतें पुसून टाकीत नाहीं. प्रथम गांव नमुना ६ मध्यें, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहींत, क्रमांक घालून नोंद होते. हितसंबंधी मंडळींना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपते, नोंद प्रमाणित होते आणि मगच सातबाऱ्यावर नवें नांव चढतें. जुनें नांव कंसांत जातें; शेजारीं फेरफाराचा क्रमांक राहतो. त्याचा माग काढीत नातवाला आजोबांच्या हक्कापर्यंत पोंचतां येतें. हक्कनोंदणीची ही रीत मुंबई इलाख्यांत १९०३ च्या कायद्यानें आली. आज ती १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखालीं चालते.

संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजेहि लिहिलेला मजकूरच. दहा जणांनीं तो रोज बदलावयाचा, आणि एखादें चिन्ह चुकलें तरी तो बंद पडावयाचा! ‘अंतिम’, ‘नवें अंतिम’, ‘खरें अंतिम’ अशा प्रती सांठवून हा घोळ निस्तरत नाहीं. म्हणून १९७२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं आवृत्तींचें दप्तर ठेवणारी व्यवस्था रचली. पुढें २००५ सालीं लायनस टोरव्हाल्ड्स यांनीं लिनक्सच्या कामासाठीं ‘गिट’ निर्माण केलें. आज सर्वत्र त्याचाच प्रचार आहे.

त्याची मांडणी सोपी आहे. कामाच्या फोल्डरमध्यें ‘गिट इनिट’ ही आज्ञा दिली कीं दप्तर उघडतें. आपलें नांव व ईमेलचा पत्ता एकदां त्यांत घालावा. पुढील प्रत्येक नोंदीवर तो उमटतो. थोडें काम झालें कीं ‘गिट ॲड’नें नोंदवावयाचे बदल निवडावे आणि ‘गिट कमिट’नें कारणासह नोंद करावी. नोंदीचा क्रमांक, बहुधा ४० अक्षरांचा, तिच्यांतील मजकुरावरूनच निघतो. मागाहून एक अक्षर फिरविलें तरी क्रमांक बदलतो आणि लबाडी लपत नाहीं.

नवा प्रयोग करावयाचा तर मूळ तसेंच ठेवून निराळी शाखा काढावी, व पसंत पडल्यास ‘मर्ज’ करून मुळांत मिळवावी. दोघांनीं एकच ओळ दोन तऱ्हांनीं बदलली असली, तर गिट थांबतें आणि दोन्ही पाठ पुढें ठेवतें. निवाडा माणसानेंच करावयाचा. हरकत आलेला फेरफारहि असाच अधिकाऱ्यापुढें जातो.

एका बाबतींत गिट जुन्या चावडीच्या पुढें आहे. चावडींतील वही एकच असे. गिटमध्यें साधारणतः प्रत्येक सहकाऱ्यापाशीं सबंध इतिहासाची प्रत असते. मात्र ज्याला विसरणें ठाऊक नाहीं, त्याच्यापुढें जपून बोलावें. परवलीचा शब्द चुकून नोंदला गेला, तर तो मागाहून खोडला तरी जुन्या नोंदींत राहतोच. तो शब्दच बदलून टाकावा लागतो.

काय बदललें हें यंत्र टिपतें. कां बदललें हें लिहिणारानेंच सांगावें लागतें. ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढाच शेरा मारणाराला सहा महिन्यांनीं स्वतःचाच हेतु उलगडत नाहीं. एका स्पष्ट वाक्यांत कारण नोंदविणें हा मागून येणाराचा वारसाहक्क आहे, आणि तो त्याला मिळालाच पाहिजे.