खोट्या क्लिकांपासून जाहिरातीचे रक्षण

२०१८ मध्ये पर्यटन तालुका म्हणून घोषित झालेल्या जुन्नरमधील ओतूरसारख्या गावातून कृषिपर्यटन केंद्राने गूगलवर जाहिरात दिल्यास तिचे पैसे बहुधा प्रत्येक क्लिकमागे आकारले जातात. म्हणून ग्राहक होण्याचा हेतू नसताना प्रतिस्पर्ध्याने, किंवा बॉट म्हणजे माणसाची नक्कल करणाऱ्या स्वयंचलित प्रोग्रामने, वारंवार केलेले क्लिक ही जाहिरातदाराची फसवणूक ठरते. एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ओळखक्रमांकावरून, थोड्या वेळात आलेले अनेक क्लिक आणि क्लिक वाढूनही न वाढणारी चौकशी ही तिची लक्षणे होत. गूगलची यंत्रणा असे अवैध क्लिक ओळखून गाळते. तरीही जाहिरात पुणे-मुंबईसारख्या ग्राहकांच्या शहरांपुरती ठेवणे, संशयास्पद आयपी पत्ते वगळणे आणि शंका येताच कंपनीकडे तपासणी मागणे, ही दक्षता प्रत्येक जाहिरातदाराने घ्यावी.