पानिपतात आपण कुठे होतो?

(सोलापुरात तरुण वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज अध्यक्ष नाहीत, खुर्ची रिकामीच राहील, असं आयोजकांनी सुरुवातीला सांगितलं आणि मला गंगाधरपंत आठवले. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतले हे इतिहासाचे प्राध्यापक. ९९९ सभांचं अध्यक्षपद भूषवलेले गृहस्थ एका वेगळ्याच जगात जाऊन पोहोचतात. तिथे आझाद मैदानावर सभा चालू असते आणि व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी दिसते. ते सवयीने जाऊन बसतात. त्या जगातल्या लोकांनी अध्यक्षीय भाषणं कधीच बंद केलेली असतात, त्यामुळे श्रोते अंडी आणि टोमॅटो फेकून मारतात. तेव्हा मी उभ्यानेच बोलतो.

त्या जगात पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे त्यांच्या कानाजवळून निघून जाते. अब्दालीचा पाठलाग काबूलपर्यंत होतो, दिल्लीत बादशहा नावापुरता राहतो आणि ईस्ट इंडिया कंपनीला देश मिळतच नाही. एका गोळीने दोन जगं वेगळी होतात. कल्पना मोठी आहे आणि नारळीकरांनी ती अगदी साध्या भाषेत मांडली आहे.

माझा भाचा अकरावीला आहे, सीबीएसईच्या शाळेत. त्याच्या 'हॉर्नबिल' या इंग्रजीच्या पुस्तकात हीच कथा 'द ॲडव्हेंचर' नावाने, जरा कापून दिलेली आहे. त्याने ती वाचली, पुस्तक मिटलं आणि मला विचारलं, "मामू, हम किधर हैं इसमें?"

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. काही बिघडलं की आधी जुनी नोंद उघडून बघायची, ही सवय. तेव्हा माझी नोंद सांगतो. मी सातवीत होतो, मराठी माध्यमात. इतिहासाच्या तासाला बाईंनी अब्दालीचं नाव घेतलं आणि पुढच्या बाकावरची दोन डोकी वळली. माझ्याकडे. कोणी काही बोललं नाही. बाईंचाही काही दोष नव्हता, त्या धडा शिकवत होत्या. पण त्या दिवसापासून पानिपतवरचं काहीही मी वाचायचं टाळलं. २०१९ च्या डिसेंबरमध्ये 'पानिपत' सिनेमा आला, तेव्हा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने मला, फक्त मला, विचारलं, "तुला कसा वाटला?" मी उत्तर दिलं, "एकदम भारी!" सिनेमा मी पाहिलाच नव्हता.

आज मला याच्याबद्दल बोलायचं आहे. युद्धाच्या गोष्टीत राजकारण येतं, अंगावर येणारं बरंच काही येतं, आणि प्रत्येक वाचक आपापल्या जागेवरून ते वाचतो. आपली अडचण अशी की आपण वाचायच्या आधीच आपली प्रतिक्रिया काय असायला हवी हे ठरलेलं असतं. ग्रुपवर टाळ्या वाजवायच्या, मोहल्ल्यात आलो की नाराज व्हायचं. या दोन्हींत पुस्तक कुठेच नसतं.

इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर मी युद्धाच्या विज्ञानकथा भरपूर वाचल्या. रॉबर्ट हाइनलाइनची 'स्टारशिप ट्रूपर्स' ही १९५९ ची कादंबरी त्यातली सर्वांत गाजलेली. माणसं अंतराळात किड्यांसारख्या शत्रूशी लढतात. कादंबरीत त्यांना 'बग' म्हणतात. (नोकरी लागल्यापासून मीही दिवसभर बगच मारतो, पण ते सोडा.) त्या समाजात मताचा हक्क जन्माने मिळत नाही, आधी सरकारी सेवा करावी लागते. माझा रूममेट साताऱ्याकडचा, वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्याला त्यातली प्रशिक्षणाची प्रकरणं फार आवडली. वडील घरात इतके गप्प का असतात ते मला पहिल्यांदा कळलं, असं तो म्हणाला होता. मताच्या हक्काचा भाग आम्ही दोघांनीही चटकन उलटून टाकला.

तो भाग मी पुन्हा वाचला २०१९ च्या शेवटी. अम्मीने ट्रंक उघडून सगळे कागद पलंगावर पसरले होते. अब्बांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं, आणि ती ते तीन कागद पुन्हा पुन्हा एकमेकांशेजारी ठेवून बघत होती. नागरिकत्व सिद्ध करून मिळवायचं, हे वाक्य त्या रात्री मला वेगळंच ऐकू आलं. हाइनलाइनशी न्यायाने वागायचं तर त्याच्या जगात सेवा करायला येणाऱ्या कोणालाही नाकारता येत नाही. रूममेटचं वाचन चूक होतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या घरी ट्रंक उघडली गेली नव्हती, एवढंच.

याच कादंबरीवर पॉल व्हर्होवेनने १९९७ मध्ये सिनेमा काढला. हॉस्टेलवर एकाच लॅपटॉपभोवती आम्ही दहाबारा जण. किडे मेले की शिट्ट्या. त्यातला एक प्रसंग असा आहे की सरकारी प्रचारपटात मुलं रस्त्यावर झुरळं चिरडतात आणि शेजारी उभी असलेली आई आनंदाने ओरडते. आम्ही खूप हसलो. व्हर्होवेनचं बालपण नाझींनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये गेलं होतं आणि हा सिनेमा त्याने टिंगल म्हणून केला होता, हे मला फार उशिरा कळलं. १९९४ मध्ये रवांडात रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हटलं जायचं. आपल्याकडच्या भाषणांत कोणाला वाळवी म्हटलं गेलं तेही तुम्हाला आठवत असेल. त्या रात्री मात्र मी शिट्टी मारणाऱ्यांत होतो. मुसलमान असल्यामुळे मला काही वेगळं दिसलं, असं झालं नाही.

जो हाल्डेमन स्वतः व्हिएतनाममध्ये लढून जखमी झालेला. त्याची 'द फॉरेव्हर वॉर' १९७४ ची. तिच्यात पहिल्या लढाईआधी सैनिकांच्या डोक्यात संमोहनाने शत्रूच्या क्रौर्याच्या खोट्या आठवणी भरलेल्या असतात. त्या खोट्या आहेत हे नायकाला माहीत असतं, तरी इशारा मिळताच तो तुटून पडतो आणि धड प्रतिकारही न करणाऱ्यांची कत्तल होते. हे वाचून मी रात्रभर जागा राहिलो आणि ऑफिसातल्या एका सहकारी मैत्रिणीला पुस्तक आग्रहाने दिलं. तिने चार दिवसांत परत आणून ठेवलं. त्या फौजेत स्त्री सैनिकांनी पुरुषांना नकार द्यायचा नाही, असा नियमच आहे. ती त्या पानावर थांबली होती. "तुला हे खटकलं नाही?" तिने विचारलं. खटकायचं दूरच, ते पान माझ्या लक्षातही नव्हतं. पुढे काय येतं ते मी सांगू लागलो, तर ती म्हणाली, "पुढचं चांगलं असेल रे, पण मला तिथून पुढे जायचं नाही." मी पुस्तक घेऊन जागेवर आलो आणि ते पान काढून पुन्हा वाचलं.

आता भाच्याचा प्रश्न. त्याला मी लगेच उत्तर दिलं नाही. वीस वर्षं टाळलेलं वाचन आधी केलं.

पानिपतात मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ इब्राहिमखान गारद्याच्या हाती होतं. फ्रेंच पद्धतीने तयार झालेला दख्खनचा माणूस, आधी निजामाकडे, मग पेशव्यांकडे. त्या दिवशी सकाळी डाव्या बाजूला त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांना मागे रेटलं आणि त्यात ते प्रचंड संख्येने मेले. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला आणि त्याला ठार मारण्यात आलं. दुसरीकडे अब्दालीच्या बाजूने आलेल्या शुजाउद्दौल्याच्या फौजेत अनूपगिरी गोसाव्याचे नागा साधू लढत होते. त्याच शुजाच्या पदरी असलेल्या काशिराज पंडित या दक्षिणी ब्राह्मणाने लढाईची हकीकत लिहून ठेवली. भाच्याच्या पाठ्यपुस्तकातल्या कथेत यांच्यातलं कोणी येत नाही. मी नारळीकरांना दोष देत नाही. त्यांना एका गोळीचं गणित मांडायचं होतं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आपली पहिली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून कोणी वाचू नये, एवढी काळजी घेणारा हा लेखक.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. इब्राहिमखानाचं ऐकून तो खूश होईल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "मतलब एक अच्छा मुसलमान मिल गया, तो हो गया क्या?" मला उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी त्याला गाडीवर घेऊन निघालो. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी सिग्नल लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात या चौघांना फाशी दिली. 'गझनफर' हे वृत्तपत्र चालवणारे कुर्बान हुसेन तेव्हा विशीतच होते. मी त्याला म्हटलं, नारळीकरांच्या त्या जगात इंग्रज सोलापूरपर्यंत पोहोचलेच नसते. मार्शल लॉ नाही, फाशी नाही.

तो थोडा वेळ पुतळ्यांकडे बघत राहिला. "मतलब उनो बचते थे," तो म्हणाला. "पन अपने को उनका नाम मालूम नै रहता."

सध्या तो स्वतः एक कथा लिहितो आहे. तिच्यात इब्राहिमखान जिवंत सुटतो. दोन पानं झाली आणि गाडी अडली, कारण सुटल्यावर तो जाणार कुठे हे ठरत नाही. पुण्याला गेला तर बारा वर्षांनी शनिवारवाड्यात गारदीच नारायणरावांना मारतात, मग त्या नावाचं काय होतं? त्या मारेकऱ्यांत सुमेरसिंग होता, तुळाजी पवार होता, हेही त्याने कुठूनतरी शोधून काढलं आहे. परवा रात्री अकराला फोन करून विचारत होता, गारद्यांना पगार किती मिळायचा.

टेबलावर पाच-सहा पुस्तकं ठेवली आहेत, हाल्डेमनचंही आहे. त्यातलं ते खटकणारं पान कोणतं, हे मी आधी सांगणार नाही. ज्यांना न्यायचंय त्यांनी वहीत नाव लिहून न्या. महिन्याने भेटू तेव्हा कोण कुठे थांबलं, ते सांगा.